शिल्लक शून्य

आमच्या घरात साखर अचानक संपत नाही. संपणार आहे हे आठ दिवस आधी जाहीर होतं. डब्याच्या आतल्या बाजूला आईंनी एक लाल रेघ ओढून ठेवली आहे. साखर रेघेखाली गेली की आणायची. तशीच रेघ चहाच्या डब्याला आहे, कपडे धुण्याच्या पावडरीला आहे, आणि मी लग्न होऊन घरात आले त्याच महिन्यात माझ्या बटणांच्या बरणीलाही मला न विचारता ओढली गेली. मी शिवणकाम करते. माझ्या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही.

“आई, बटणं माझी, बरणी माझी, मग रेघ तुमची कशी?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“राहू दे गं. रेघ काही खायला मागत नाही,” त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला सहावं बटण कमी पडलं. गिऱ्हाईक दारात उभं, आणि मी बरणी उलटी करून बसलेली. तेव्हापासून रेघेच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. एकतीस वर्षं त्या एका कारखान्यात नट-बोल्टांचा माग ठेवत होत्या. कारखान्यात लोखंडी जिने, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे आणि पायी चालायचे पूल बनतात. पूल उभा राहिला की लोक कमानीकडे बघतात, कठड्याकडे बघतात, फोटो काढतात. ते सगळं लोखंड एकमेकांना धरून राहिलंय ते बोल्टांमुळे, आणि ते बोल्ट किती लागणार, कुठल्या लांबीचे, कुठून येणार, आज कुठवर पोचलेत, हे बघणारी सबंध कारखान्यात एकच बाई. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

काम ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ड्रॉइंगमधला एकेक सांधा घ्यायचा, त्यात किती पत्रे एकावर एक येतात ते बघायचं, त्यांची जाडी मिळवायची, वर वॉशर, नट आणि नटाबाहेर डोकावणारे दोन आटे धरायचे, तेव्हा एका बोल्टची लांबी ठरते. असे हजार-दीड हजार. एवढं करून ऑर्डर गेली की खरी पंचाईत सुरू व्हायची, कारण पुरवठादाराचा माणूस जगातल्या कुठल्याही प्रश्नाला “माल निघालाय” एवढंच उत्तर द्यायचा.

“निघालाय म्हणजे तुमच्या फाटकाच्या आत आहे की बाहेर?” आई विचारायच्या.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “आतच आहे बाई, पण निघण्यासारखा आहे.”

“मग बाहेर पडला की सांगा. मी फोनपाशीच बसलेय.”

आणि खरंच बसायच्या. तो माणूस पुढे पुढे त्यांचा आवाज ऐकला की आपण होऊन फाटकापर्यंत चालत जाऊन बघून यायचा म्हणे.

इतकं करूनही प्रत्येक कामात बोल्ट उरायचेच. त्याचं कारण आईंना पाठ होतं. कारखान्यात ड्रॉइंग काढणारी एक बाई आहे. ती असावेत म्हणून शंभराला पाच जादा लिहायची. फिटर लोकांचा मुकादम हळूच कानाशी येऊन म्हणायचा, “बाई, अजून दहा टाका, उंचावर काम आहे.” मग साहेब कागद बघायचे आणि म्हणायचे, “आकडा गोल करा.” असा तिघांनी जीव लावलेला आकडा फुगून यायचा, पूल उभा राहायचा आणि दोनेकशे बोल्ट डबे भरून परत. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी असे डबे एकतीस वर्षं रांगेत उभे होते, प्रत्येकावर कामाचं नाव आणि खाली ‘शिल्लक’ म्हणून आकडा.

पहिल्या डब्यातले आठ बोल्ट मात्र आमच्या घरी आहेत. आईंचं ते पहिलं काम, आणि तेव्हा त्याच कारखान्यात वेल्डर असलेल्या एका तरुणाने साहेबांना विचारून ते आठ बोल्ट घेतले, भंगारातल्या नळ्यांचे चार पाय केले, प्रत्येक पाय दोन दोन बोल्टांनी जाड फळीला जोडला आणि ते टेबल नव्या मोजणीबाईला भेट दिलं. तो तरुण म्हणजे माझे सासरे. “लोक फुलं देतात,” आई अजून म्हणतात. “फुलांवर जेवता येतं का?” बाबा विचारतात. आम्ही त्याच टेबलावर जेवतो.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना आईंनी त्याच टेबलावर ताट बाजूला सारून जाहीर केलं, “शेवटच्या कामात एकही बोल्ट उरणार नाही.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे शिल्लक शून्य. एकतीस वर्षांत एकदाही आलेली नाही. कुणी येऊच दिली नाही. या वेळी मी कुणाचं ऐकणार नाही. जेवढी भोकं तेवढे बोल्ट.”

मी शिवणारी बाई. कापड कापताना शिवणीत चार बोटं जादा ठेवल्याशिवाय माझा हात कात्रीकडे जात नाही. मला हे वेडेपणाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा पाण्याच्या पेल्यात बघून हसत होते.

शेवटचं काम कालव्यावरच्या पुलाचं होतं. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला बसथांबा. मधे पाणी, आणि लोकांना पाव तासाचा वळसा. आईंनी आधी ड्रॉइंगवालीशी पंधरा दिवस भांडून पाच लांबीचे बोल्ट एका लांबीवर आणले. सगळे सोळा मिलिमीटर जाडीचे आणि साठ लांबीचे, जस्ताचा मुलामा दिलेले. भोकं तेराशे चार. तीन बोल्ट आधी पिळून, ताणून तपासायला लागतात, म्हणून ऑर्डर तेराशे सात.

“बाई, पेटी शंभराची असते,” पुरवठादाराचा माणूस फोनवर कळवळला.

“मग तेरा पेट्या पाठवा आणि सात कागदात गुंडाळून द्या.”

साहेबांनी सही केली, पण म्हणाले, “कमी पडले तर नवीन यायला नऊ दिवस लागतात, लक्षात आहे ना? मग तुमच्या निरोपाच्या दिवशी मी भाषण करणार नाही, ओरडणार आहे.”

“ओरडा की,” आई म्हणाल्या. “भाषणापेक्षा लवकर संपेल.”

काम सुरू झालं. आईंनी मासे धरणाऱ्यांकडून एक जुनं जाळं आणून फिटरांच्या पायांखाली बांधून घेतलं, म्हणजे हातातून सुटलेला बोल्ट कालव्यात न जाता जाळ्यात पडेल. त्या रोज सकाळी तिथे एका घडीच्या टेबलाशी बसत आणि मोजून बोल्ट देत. संध्याकाळी घरी आल्या की चपला काढायच्या आधी आकडा सांगत. “एकशे शहाण्णव.” “चारशे बारा.” पहिले काही दिवस मजेत गेले. मग आकडा सांगतानाचा आवाज बारीक होऊ लागला. मला वाटलं दमल्या असतील. पण एके सकाळी त्या दारात, एक चप्पल घातलेली आणि एक हातात, अशा उभ्या राहिल्या.

“काय झालं, आई?”

“जाळ्याला एका ठिकाणी भोक आहे,” त्या म्हणाल्या. “काल दिसलं. मी शिवलं. पण आधीच एखादा गेला असेल तर?”

“तर एक मागवायचा.”

“आणि नऊ दिवस पूल एका भोकासाठी बंद? दवाखान्यात जाणारी माणसं वळसा घालतील आणि म्हणतील, कुणीतरी बाई होती, तिला शून्य हवं होतं.”

त्या गेल्या. माझा हातातल्या कामात जीव लागेना. तसं आमचं दोघींचं रोज कशावरून तरी वाजतं, पण या बाईने माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस माझ्या औषधांच्या गोळ्या मोजून दिल्या होत्या आणि माझा नवरा जहाजावर असतो तेव्हा आठ आठ महिने याच घरात मला कधी एकटं वाटलं नाही, ते त्यांच्यामुळे. त्यांना शेवटच्या कामात खाली बघायला लागावं, हे मला सहन होईना. आणि मग मी चोरी केली.

सोळा जाडी, साठ लांबी. आई इतक्या वेळा बोलल्या होत्या की मला पाठ होतं, आणि तसले आठ बोल्ट कुठे आहेत तेही पाठ होतं. दुपारी बाबा फिरायला गेल्यावर मी पाना घेऊन टेबलाखाली आडवी झाले. एकतीस वर्षं बसलेला बोल्ट काही माझ्या हौसेवर सुटेना. वीस मिनिटं घाम काढल्यावर दाराकडच्या पायाचा एक बोल्ट नटासकट हातात आला. तो काळाकुट्ट, आणि पुलाचे राखाडी चकचकीत. तेव्हा बाबांच्या फळीवरून चंदेरी रंगाचा डबा काढला आणि बोल्ट रंगवून खिडकीत वाळवला. पुलात परका बोल्ट चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की एक बटण जादा असावं.

दुसऱ्या दिवशी आई जेवणाचा डबा विसरल्या. म्हणजे मीच तो लपवला होता. तो पोचवायच्या निमित्ताने मी कालव्यावर गेले आणि आई मुकादमाशी बोलत असताना माझा बोल्ट पेटीत सोडला. कुणी बघितलं नाही. जीव भांड्यात पडला.

घरचं टेबल मात्र डुलायला लागलं. मी दाराकडच्या पायाखाली कागदाची घडी सारली. दोन दिवसांनी केर काढताना पाहते तो खिडकीकडच्या पायाखालीही एक घडी. ती मी ठेवली नव्हती. फरशीच खचली असावी असं मी मनाशी म्हटलं आणि विषय सोडला.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पुलावर होतो. मुकादम, त्याचे चार फिटर, ड्रॉइंगवाली, साहेब, बाबा आणि मी. शेवटच्या भोकात शेवटचा बोल्ट बसला. मुकादमाने पाना खाली ठेवला. आईंनी हात पदराला पुसावेत तसे आपल्या कामाच्या डगल्याला पुसले आणि पेटीत डोकावल्या.

मी पेटीकडे बघायचं टाळत होते, कारण मला माहीत होतं की पेटीत एक बोल्ट आहे. माझाच. आता तो दिसणार, शून्य हुकणार, आणि हे सगळं माझ्यामुळे. इतकी साधी गोष्ट मला आधी कशी कळली नव्हती, देव जाणे. आजूबाजूला पाहिलं तर बाकीच्यांचे चेहरेही माझ्यासारखेच. मुकादम तर कालव्यातलं पाणी पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता.

“नऊ,” आई म्हणाल्या.

सगळ्यांना धक्का बसला होता, मलाही. नऊ कसे?

आईंनी नऊही बोल्ट टेबलावर उभे केले आणि एकेकाचं डोकं वाचायला लागल्या. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते. “सहा आपले,” त्या म्हणाल्या. “तीन परके.” मग मनाशी हिशेब करून त्यांनी मान वर केली. “म्हणजे सहा परके पुलात गेलेत. ज्यांचा कागद माझ्याकडे नाही, ज्यांची तपासणी झालेली नाही, असे सहा बोल्ट या पुलात आहेत, ज्यावरून उद्या आजारी माणसं चालणार आहेत. कुणी टाकले?”

एक फिटर चाचरत म्हणाला, “बाई, मी एकच टाकला.”

“मीपण एकच,” दुसरा म्हणाला.

मग बांध फुटल्यासारखं झालं. चारही फिटर, मुकादम, ड्रॉइंगवाली. प्रत्येकाने एकेक, प्रत्येकाने गुपचूप, प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. शेवटी साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “टेबलावर कागद दाबायला एक जुना बोल्ट ठेवलेला असतो ना माझ्या, तो.”

आम्ही हसलो असतो, पण आई हसत नव्हत्या. त्या रिकाम्या पेटीवर खाली बसल्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

“एकतीस वर्षांत माझा आकडा एकदा तरी कमी पडलाय का?” त्या म्हणाल्या. “मग तुम्हा सगळ्यांना का वाटलं, या वेळी चुकेल म्हणून? एकालाही खात्री नव्हती माझी?”

कालव्यावर वारा होता, तरी मला उकडायला लागलं.

मुकादम पुढे आला. टोपी काढून हातात धरली. “बाई,” तो म्हणाला, “तुमचं चुकेल असं नव्हतं वाटलं. आमच्याच हातून पडेल असं वाटलं. तुम्ही तेराशे चार म्हणालात तेव्हापासून माझा हात थरथरतोय. बावीस वर्षं फिटर आहे, कधी थरथरला नव्हता. माझ्या हातून एक पाण्यात गेला असता तर तुमचं शून्य माझ्यामुळे गेलं असतं.”

“माझं तसंच,” एक फिटर म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

“आणि पडले किती पाण्यात?” आईंनी विचारलं.

“एकही नाही, बाई. असं काम आम्ही जन्मात केलं नव्हतं.”

आईंच्या ओठाचा कोपरा हलला आणि एकदम त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मीही रडत होते. साहेबांनी उगाचच रुमाल काढून चष्मा पुसला.

“चला,” आई उठत म्हणाल्या, “पाने उचला. माझे सहा बोल्ट अजून टेबलावर पडून आहेत.”

मग त्या हातात बॅटरी आणि आरसा घेऊन पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. तेराशे चार डोकी वाचली. वाकून, बसून, कठड्याखाली हात घालून. दोन तास लागले. सहा परके सापडले, मुकादमाने ते काढले आणि त्या जागी सहा आपले बसवले. पेटीत एकही बोल्ट उरला नाही.

मग परत वाटप झालं. आई डोक्यावरची खूण बघून माणूस ओळखत होत्या. “हा पाण्याच्या टाकीच्या कामातला, मुकादम, तुमचा. हा बाजाराच्या जिन्याचा, तो जिना तू केलास ना? धर. साहेब, हा तुमचा, कागद उडाले असतील.” ड्रॉइंगवालीचा बोल्ट तर साठऐवजी पासष्ट लांबीचा निघाला. “स्वतःच्याच ड्रॉइंगमध्ये लांबी चुकलीस,” आई म्हणाल्या आणि ती बिचारी लाजून चूर झाली.

टेबलावर दोन राहिले. दोन्ही चंदेरी. रंग बोटांना लागतो म्हणून फिटरांनी ते प्रत्येक वेळी पेटीत परत टाकले होते. आईंनी एक उचलला, नखाने डोक्यावरचा रंग खरवडला आणि खूण बघितली. मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबांकडे का, हे मला कळेना, तोवर बाबांचं तोंड मला दिसलं. साठी उलटलेला माणूस, पण साखर चोरताना पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

“खिडकीकडचा पाय?” मी कुजबुजले.

“तू दाराकडचा?” ते कुजबुजले.

आईंनी दोन्ही बोल्ट डगल्याच्या खिशात टाकले आणि घरी येईपर्यंत आमच्या दहा पावलं पुढे चालत राहिल्या. साहेबांनी त्यांना वाटेत थांबवून कामाच्या वहीत शेवटचा आकडा लिहायला सांगितला होता. “उद्या लिहिते,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि वही काखेत मारून घरी आणली होती.

घरी आल्यावर त्यांनी वही टेबलावर ठेवली. टेबल डुललं. आईंनी दोन्ही पायांखालच्या घड्या काढून आमच्यासमोर धरल्या. एक माझ्या शिवणाच्या नमुन्याच्या कागदाची, एक बाबांच्या वर्तमानपत्राची. मग रॉकेलच्या फडक्याने बोल्ट पुसून काळे केले, पाना मागितला आणि एवढ्या वयाची बाई फरशीवर आडवी होऊन टेबलाखाली गेली.

“मी करतो ना,” बाबा म्हणाले.

“तुम्ही दोघांनी पुष्कळ केलंत,” टेबलाखालून आवाज आला.

आधी दाराकडचा, मग खिडकीकडचा. दोन्ही पिळून झाल्यावर त्या बाहेर आल्या, केसांतली धूळ झटकली, आणि दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. मग खुर्चीत बसून वही उघडली, कामाच्या नावापुढे ‘शिल्लक’ लिहिलं, आणि एक मोठं गोल शून्य काढलं. इतकं सावकाश, की मी आणि बाबा दोन्ही बाजूंनी वाकून ते पुरं होताना बघत होतो.

“झालं,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली. “आता जेवायला वाढ. आणि चंदेरी रंगाचा डबा रेघेखाली गेलाय, उद्या नवा आणा.”